संग्रहातील काही गेम्सचा ऑनलाइन लिलाव : प्रकल्पाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

प्रकल्पाची व्याप्ती आज ठरवली. माझा जुन्या व्हिडिओ गेम्सचा संपूर्ण संग्रह विकायचा नाही. ज्यांच्या एकाहून अधिक प्रती आहेत, ज्या अनेक वर्षांत खेळल्या गेलेल्या नाहीत आणि ज्यांची जागा माझ्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या खेळाडूकडे अधिक योग्य ठरेल, एवढ्याच वस्तू लिलावात ठेवायच्या. त्यात प्रामुख्याने सुपर निन्टेंडो, निन्टेंडो ६४ आणि गेम बॉय कुटुंबातील जुन्या कन्सोलची, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्रांची, कार्ट्रिज (यंत्रात खोचायच्या, आत गेमची चिप असलेल्या प्लास्टिकच्या डब्या), तसेच पहिल्या प्लेस्टेशनच्या आणि सेगा सॅटर्नच्या डिस्क आहेत.

जुन्या गेमला मिळणारी किंमत तिच्या दुर्मिळतेवर अवलंबून असते हे खरेच आहे, परंतु ती वस्तू अस्सल आहे, पूर्ण आहे आणि चालते आहे याची किती खात्री खरेदीदाराला दुरूनच देता येते, यावरही ती तितकीच अवलंबून असते. दुर्मिळता माझ्या हातात नाही. खात्री देणे मात्र पूर्णपणे माझ्या हातात आहे. म्हणून कामाचा मोठा भाग प्रत्यक्ष लिलावाआधीच्या तपासणीला द्यायचा, असे या नोंदींच्या आरंभीच लिहून ठेवत आहे.

१३ जानेवारी

यादी पूर्ण झाली. प्रत्येक वस्तूपुढे तिचे नाव, कन्सोल, लेबलवरील उत्पादन संकेतांक, प्रदेश आणि स्थिती असे रकाने आहेत. स्थितीसाठी संग्राहकांमध्ये रूढ असलेले तीन प्रकार वापरले : सुटी (म्हणजे खोका व पुस्तिकेविना), खोका व पुस्तिकेसह पूर्ण, आणि सीलबंद. माझ्याकडे सीलबंद वस्तू नाहीत, त्यामुळे तो रकाना रिकामाच राहिला.

प्रदेशाचा रकाना अनेक विक्रेते गाळतात, पण पुढच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच उद्भवतात. गेम बॉयच्या कार्ट्रिजना प्रदेशाचे बंधन नाही, म्हणजे ती कोणत्याही प्रदेशाच्या यंत्रावर चालतात. सुपर निन्टेंडोच्या कार्ट्रिजना आहे, आणि तेही दुहेरी, कारण उत्तर अमेरिकेतील कार्ट्रिजचा बाह्य आकारही जपान व युरोपमधील कार्ट्रिजपेक्षा वेगळा आहे. शिवाय पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या (उदा. युरोपातील) प्रदेशांतील जुने गेम ५० हर्ट्झवर, तर जपान व उत्तर अमेरिकेतील ६० हर्ट्झवर चालतात, आणि हा फरक खेळताना वेगात जाणवतो. प्रदेश शीर्षकातच लिहायचा.

१९ जानेवारी

आजचा संपूर्ण दिवस अस्सलपणाच्या तपासणीत गेला. बनावट कार्ट्रिजचा सुळसुळाट ज्या थोड्या गेम्सभोवती आहे, नेमक्या त्यांनाच चांगली मागणी असल्यामुळे हे काम टाळणे शक्य नव्हते.

सुपर निन्टेंडो आणि निन्टेंडो ६४ यांच्या कार्ट्रिजचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना ३.८ मिलिमीटरची विशेष बिट लागते. आवरण उघडले की सुपर निन्टेंडोच्या अस्सल सर्किट बोर्डावर निन्टेंडोचे नाव आणि ‘एसएचव्हीसी’ने सुरू होणारा क्रमांक छापलेला दिसतो, आणि उत्तर अमेरिकी कार्ट्रिजमध्ये ‘डी ४११’ असा संकेतांक असलेली, परवाना व प्रदेश तपासणारी संरक्षक चिप असते. बनावट बोर्डांवर बहुधा गेम कायमचा कोरलेल्या मूळ रॉम चिपऐवजी नंतरच्या काळातील, पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप आणि हाताने केलेले अस्ताव्यस्त सोल्डरिंग आढळते. माझ्या ‘क्रोनो ट्रिगर’ या सुपर निन्टेंडोवरील गेमच्या दोन्ही प्रती या कसोटीला उतरल्या, आणि त्यांच्या बोर्डांची छायाचित्रे लगेच काढून ठेवली, जेणेकरून आवरण पुन्हा पुन्हा उघडावे लागू नये.

गेम बॉय अॅडव्हान्सच्या बाबतीत आवरण न उघडताही बरेच समजते. अस्सल कार्ट्रिजच्या तळाच्या फटीतून पाहिल्यास धातूच्या संपर्कपट्ट्यांच्या वर निन्टेंडोचे नाव बोर्डावर छापलेले दिसते, आणि लेबलवर दोन अंकांचा दाबून उठवलेला पुसटसा ठसा असतो, जो प्रकाश तिरपा पाडल्याशिवाय नजरेस येत नाही. ‘पोकेमॉन एमराल्ड’बाबत आणखी एक भरवशाची खूण आहे : अस्सल प्रतीत खेळाची प्रगती बॅटरीविनाही टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत साठते आणि बॅटरी केवळ घड्याळासाठी असते, त्यामुळे ती संपली तरी खेळ सुरू होताना तसा संदेश दिसतो आणि साठवलेली प्रगती शाबूत राहते. बॅटरी संपताच प्रगतीही पुसली गेली, तर ती प्रत अस्सल नाही, असे समजावे.

एका प्रतीचे लेबल अस्सल, पण आतील बोर्ड बनावट निघाला. ती प्रत यादीतून काढली. ‘बनावट’ असे स्पष्ट लिहून ती विकण्याचा पर्याय कुणी सुचवेल. परंतु पहिल्या खरेदीदाराला दिलेली सूचना तिसऱ्या खरेदीदारापर्यंत पोहोचत नाही, आणि मग ही वस्तू कुणाच्या तरी विश्वासाचा भंग करणारच. म्हणून तो बोर्ड बाजारात परत जाणार नाही.

२५ जानेवारी

बॅटऱ्या. जुन्या कार्ट्रिजपैकी अनेकांमध्ये खेळाची प्रगती ज्या मेमरीत साठते, ती एका नाण्याच्या आकाराच्या लिथियम बॅटरीवर जिवंत राहते. ‘द लिजंड ऑफ झेल्डा’च्या १९८७ मधील कार्ट्रिजपासून ही पद्धत रुळली. सुपर निन्टेंडोमध्ये बहुधा सीआर २०३२ हा प्रकार असतो. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये सीआर २०२५ असतो, आणि त्या बॅटरीला घड्याळही चालवावे लागत असल्यामुळे ती इतरांपेक्षा लवकर संपते.

ही बॅटरी धातूच्या पट्ट्यांसह बोर्डाला सोल्डर केलेली असते, आणि ती काढताक्षणी मेमरीतील सर्व काही पुसले जाते. म्हणून आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या उपकरणाने प्रत्येक प्रतीतील साठवलेली प्रगती संगणकावर उतरवून घेतली. यात भावनेचा भाग आहे हे मी नाकारत नाही. एखाद्या गेममध्ये घालवलेल्या शेकडो तासांचा उरलेला एकमेव पुरावा काही किलोबाइटमध्ये मावतो, आणि तो जपण्याचा खर्च इतका क्षुल्लक आहे की न जपण्यास कोणतेही कारण नाही.

बॅटरी बदलून विकावे की मूळ बॅटरीसह, यावर संग्राहकांत दोन मते आहेत. खेळण्यासाठी घेणाऱ्याला नवी बॅटरी हवी असते; कारखान्यातून आले तसेच हवे असणाऱ्याला बोर्डाला हात लागलेलाच नको असतो. मी असे ठरवले की सुट्या कार्ट्रिजमध्ये पट्ट्या जोडलेली नवी बॅटरी बसवायची आणि वर्णनात बदलाचा महिना लिहायचा. खोका व पुस्तिकेसह असलेल्या प्रतींना मात्र हात लावायचा नाही, केवळ बॅटरीचे मोजलेले व्होल्टेज लिहायचे. नव्या सीआर २०३२चे व्होल्टेज ३ व्होल्टच्या किंचित वर असते. त्यावरून जुनीची अवस्था कुणालाही ताडता येते.

१ फेब्रुवारी

डिस्कची तपासणी केली. सीडीबाबत खरेदीदार खालच्या चकचकीत बाजूवरील ओरखड्यांविषयी विचारतात, पण अधिक धोका वरच्या बाजूला असतो. १.२ मिलिमीटर जाडीच्या सीडीत माहितीचा थर छापील लेबलच्या लगेच खाली, केवळ लाखेच्या पातळ लेपामागे असतो. खालचा उथळ ओरखडा पॉलिश करून घालवता येतो, वरचा खोल ओरखडा मात्र माहितीच खरवडून नेतो. म्हणून प्रत्येक डिस्क प्रखर दिव्यासमोर धरून आरपार प्रकाश येणारे सूक्ष्म ठिपके शोधले.

‘पॅन्झर ड्रॅगून सागा’च्या चारही डिस्क निर्दोष आहेत. १९९८ मधील हा सॅटर्नवरील गेम पुढे अन्य कोणत्याही यंत्रासाठी पुन्हा प्रसिद्ध झाला नाही, त्यामुळे मूळ डिस्कना मागणी टिकून आहे. चारपैकी एक जरी डिस्क चालली नाही, तर खेळ पूर्ण होऊ शकत नाही. म्हणून चारही डिस्क कन्सोलवर चालवून प्रत्येकीचे पडद्यावरील छायाचित्र घेतले. संपूर्ण संग्रहात या गेमच्या वर्णनासाठी सर्वाधिक वेळ राखून ठेवला आहे.

४ फेब्रुवारी

स्वच्छता. संपर्कपट्ट्या उच्च प्रमाणाच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि कापसाच्या काडीने पुसल्या. खोडरबर वापरले नाही, कारण तो सोन्याचा मुलामा झिजवतो. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांनी उजळवता येते, हे माहीत असूनही ते केले नाही; हा परिणाम कायम टिकेल याची हमी नसते आणि अनेक संग्राहकांना प्लास्टिक आहे तसेच हवे असते.

९ फेब्रुवारी

किमतीचा अभ्यास. विक्रीसाठी लावलेल्या वस्तूंच्या मागितलेल्या किमती मुळीच विचारात घेतल्या नाहीत. विक्री पूर्ण झालेल्या वस्तूंच्या किमतीच पाहिल्या, आणि त्याही सुट्या व पूर्ण प्रतींसाठी वेगवेगळ्या. एकाच गेमच्या खोक्यासह असलेल्या प्रतीला सुट्या प्रतीपेक्षा कितीतरी पट किंमत मिळते, विशेषतः पुठ्ठ्याचे खोके असलेल्या सुपर निन्टेंडो आणि निन्टेंडो ६४ यांच्या बाबतीत, कारण ते खोके त्या काळी सर्रास फेकून दिले जात.

घरात जुने गेम्स सापडलेले लोक बऱ्याचदा जुलै २०२१ मधील विक्रमांचा दाखला देतात : ‘द लिजंड ऑफ झेल्डा’ची सीलबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरना आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना हेरिटेज ऑक्शन्स या लिलावसंस्थेत विकली गेली. त्या दोन्ही प्रती तज्ज्ञ संस्थेने श्रेणी देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद केलेल्या होत्या. ‘सुपर मारिओ ६४’ हा गेम लाखोंच्या संख्येने विकला गेलेला आहे, आणि त्याच्या खेळून झालेल्या सुट्या कार्ट्रिजचा त्या आकड्याशी काहीही संबंध नाही. त्या बाजारात विकली जाते ती न उघडलेली अवस्था. गेम हा तिचा तपशील ठरतो.

१२ फेब्रुवारी

कोणती वस्तू लिलावात आणि कोणती ठरावीक किमतीला, याचा निर्णय आज घेतला. ज्या गेमच्या विक्री रोज अनेक होतात, त्याची किंमत सर्वांना ठाऊक असते. लिलावाने तीत भर पडत नाही आणि एखाद्या थंड आठवड्यात ती घसरू मात्र शकते. अशा वस्तू ठरावीक किमतीला द्याव्यात. जिच्या विक्री विरळ आहेत, स्थिती असामान्य आहे किंवा आवृत्ती विशेष आहे, तिची किंमत मला एकट्याला ठरवता येणार नाही. ती दोन उत्सुक माणसांनी एकमेकांसमोर ठरवावी, आणि लिलाव त्यासाठीच असतो.

‘ऑकारिना ऑफ टाइम’ या निन्टेंडो ६४ वरील झेल्डा मालिकेतील गेमची १९९८ मधील सुरुवातीची आवृत्ती या दुसऱ्या गटात मोडते. तीतील अग्निमंदिराच्या संगीतात सामूहिक पठणाचे स्वर आहेत आणि शेवटच्या प्रसंगातील रक्त लाल आहे. नंतरच्या आवृत्तीत संगीत बदलले आणि रक्त हिरवे झाले. वेगाने खेळ पूर्ण करण्याच्या स्पर्धा करणाऱ्यांना आवृत्तीचा क्रमांक महत्त्वाचा वाटतो, म्हणून या खुणा चलचित्रासह नोंदवल्या.

गुप्त राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकली जात नाही पण जी बोलीदारांना दिसत नाही अशी रक्कम, वापरायची नाही. कटकर आणि रायली या संशोधकांनी पोकेमॉन पत्त्यांच्या ५० जोड्या ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर विक्रीला ठेवून केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतील एका पत्त्याला उघड किमान बोली आणि दुसऱ्याला तितकीच गुप्त राखीव किंमत होती. गुप्त किमतीचे पत्ते विकले जाण्याची शक्यता कमी ठरली आणि त्यांतून उत्पन्नही कमी मिळाले. माझ्या वस्तूंच्या इतक्या जवळचा पुरावा हाती असताना दुसरा मार्ग धरण्याचे कारण दिसत नाही. किमान अपेक्षा असेल, तर ती पहिल्या बोलीच्या रकमेतच उघड सांगायची.

१६ फेब्रुवारी

छायाचित्रे आणि वर्णने तयार झाली. दिवसाच्या पसरलेल्या प्रकाशात, साध्या राखाडी पार्श्वभूमीवर, प्रत्येक वस्तूच्या सर्व बाजू, बोर्ड, संपर्कपट्ट्या आणि प्रत्येक दोषाचे जवळून घेतलेले छायाचित्र, असा क्रम ठेवला. दोषाचे छायाचित्र तिसऱ्या क्रमांकावर आहे, शेवटी नाही. शेवटची छायाचित्रे पुष्कळ जण पाहतच नाहीत.

वर्णनात ‘उत्तम’, ‘अप्रतिम’, ‘दुर्मिळ’ असे शब्द टाळले. ‘लेबलच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ४ मिलिमीटरची फाट, मागे शाईने लिहिलेले आद्याक्षर, पुस्तिकेच्या मधल्या पानाची एक पिन गंजलेली’ असे लिहिले की खरेदीदाराला स्वतःचा निर्णय घेता येतो. अशा वर्णनाने बोली घटते असा एक समज आहे. माझा अनुभव उलट आहे : शंका राहिली की खरेदीदार सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरून बोली लावतो, आणि ती शक्यता प्रत्यक्ष दोषापेक्षा बहुधा मोठी असते.

२ मार्च

पहिल्या गटाचे सात दिवसांचे लिलाव आज, रविवारी संध्याकाळी संपले. शेवट रविवारी ठेवण्याचे कारण एवढेच की त्या वेळी अधिक लोक मोकळे असतात; एकाच खरेदीदाराला एकाहून अधिक वस्तूंवर बोली लावता यावी म्हणून प्रत्येक लिलावाच्या शेवटात काही मिनिटांचे अंतर ठेवले.

बहुतेक वस्तूंच्या किमती आठवडाभर जवळजवळ स्थिर होत्या आणि शेवटच्या मिनिटात वाढल्या. ईबेसारख्या लिलावात बोलीदार आपली कमाल रक्कम सांगतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते, त्यामुळे विजेत्याला दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेहून केवळ एक पायरी अधिक द्यावी लागते. सिद्धान्ताप्रमाणे मग थांबून राहण्याचे कारण नसावे. तरीही लोक थांबतात, आणि आल्विन रॉथ व अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये त्याचे जे विश्लेषण मांडले, ते मला फार पटते : ईबेवरील लिलावाची वेळ काटेकोरपणे संपते, तर अॅमेझॉनवरील तत्कालीन लिलाव शेवटच्या क्षणी बोली आल्यास पुढे वाढत असे, आणि उशिराच्या बोली ईबेवर लक्षणीयरीत्या अधिक आढळल्या. त्यातही संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावांत हे प्रमाण जास्त होते, कारण जाणकाराची बोली हीच इतरांसाठी वस्तू अस्सल असल्याची बातमी ठरते आणि ती त्याला लवकर फोडायची नसते.

जुने गेम्स याच वर्गात बसतात. बोर्डाचे छायाचित्र देऊन अस्सलपणाची बातमी मीच आरंभी जाहीर केली, की जाणकाराचे गुपित उरत नाही आणि नवख्यालाही निर्धास्तपणे बोली लावता येते. आजच्या निकालात बोर्ड दाखवलेल्या ‘क्रोनो ट्रिगर’वर बोलीदारांची संख्या सर्वाधिक होती, आणि त्यांपैकी कित्येक नव्याने नोंदणी केलेले होते. एका वस्तूवरून कोणताही नियम सिद्ध होत नाही, परंतु दिशा अपेक्षेप्रमाणे आहे.

४ मार्च

बांधणी. सुटी कार्ट्रिज बबल रॅपमध्ये गुंडाळून कडक पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवली. पाकिटात काहीही पाठवले नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यांना आधी पारदर्शक प्लास्टिकचे संरक्षक आवरण, नंतर बबल रॅप आणि चारही बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर भराव दिला. चिकटपट्टी मूळ खोक्याला कुठेही लागता कामा नये, आणि बबल रॅपची फुगीर बाजू खोक्यावर दाबून बसल्यास लांबच्या प्रवासात चकचकीत कागदावर वर्तुळे उमटतात, म्हणून मध्ये साधा कागद घातला.

अनेक कुरिअर कंपन्या पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्यास ५,००० ने भागतात आणि येणारे किलोग्रॅममधील आकारमानी वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल, तर त्यानुसार दर लावतात. हलक्या पण मोठ्या खोक्यांबाबत हा फरक बराच पडतो. पाठवणीचा खर्च लिलावाआधीच पेटी मोजून जाहीर केलेला असल्यामुळे कुठेही वाद झाला नाही.

१० मार्च

एका विजेत्याने पैसे भरले नाहीत आणि संदेशांना उत्तरही दिले नाही. मंचाच्या नियमांनुसार व्यवहार रद्द करून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला त्याच्याच बोलीच्या रकमेत वस्तू देऊ केली. त्याने ती घेतली. अशा खरेदीदाराला आधी ओळखणे कठीण असते, कारण ईबेवर २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी नकारात्मक अभिप्राय देता येत नाही. पैसे येईपर्यंत वस्तू न पाठवणे मात्र विक्रेत्याच्या हाती असते.

दुसऱ्या एकाने लिलाव थांबवून परस्पर व्यवहार करण्याची विनंती केली. रक्कम चांगली होती. नकार दिला, कारण त्या वस्तूवर आधीच बोली लावलेल्या माणसांना दिलेला शब्द मोडला असता.

१६ मार्च

दुसरा गट संपला. ‘पॅन्झर ड्रॅगून सागा’ याच गटात होता. लिलाव सुरू असताना एका बोलीदाराने चारही डिस्कच्या मधल्या कड्यावरील कोरीव क्रमांकांची छायाचित्रे मागितली. ती त्याला एकट्याला न पाठवता वर्णनातच जोडली, जेणेकरून सर्व बोलीदारांना सारखीच माहिती मिळावी. अंतिम किंमत माझ्या अंदाजाहून बरीच वर गेली.

सामान्य स्पोर्ट्स गेम्सच्या गठ्ठ्यावर मात्र एकही बोली आली नाही. हे गेम्स दरवर्षी नव्या आवृत्तीने जुने ठरत आणि प्रचंड संख्येने छापले जात. ते आता ठरावीक किमतीला, पाठवणीच्या खर्चासह, एकत्र ठेवले आहेत.

२३ मार्च

एका खरेदीदाराने कार्ट्रिज चालत नसल्याचे कळवले. त्याला कन्सोलचे छायाचित्र पाठवायला सांगितले, तेव्हा कन्सोल वेगळ्या प्रदेशाचा असल्याचे दिसून आले. प्रदेश शीर्षकात होता, त्यामुळे नियमाने परत घेणे बंधनकारक नव्हते. तरीही पाठवणीचा खर्च वगळून रक्कम परत दिली. कार्ट्रिज सुस्थितीत परत आल्यावर तपासून, त्याच छायाचित्रांसह पुन्हा लिलावात ठेवले आहे.

३० मार्च

परत आलेले कार्ट्रिज आज विकले गेले आणि स्पोर्ट्स गेम्सचा गठ्ठाही एका खेळाडूने घेतला. ‘क्रोनो ट्रिगर’ची दुसरी प्रत, जी विकण्यासाठी तपासून ठेवली होती, ती यादीतून काढून माझ्याकडेच ठेवत आहे, खोका नसला तरी तिची बॅटरी बदललेली नव्हती, ती मूळ बॅटरी अजून पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि तीतील प्रगती कार्ट्रिजमध्येच राहावी असे वाटते.

सर्व पार्सलचे क्रमांक, पोहोच आणि बांधणीची छायाचित्रे तक्रारीची मुदत संपेपर्यंत एकत्र ठेवायची आहेत. त्यानंतर खरेदीदारांची नावे आणि पत्ते वहीतून व संगणकातून काढून टाकायचे. वस्तूंची यादी, बोर्डांची छायाचित्रे आणि अंतिम किमती मात्र ठेवायच्या.